नायलॉनबंदी

"काढा! आधी ते अंगातलं काढा! तसेच आत आलात तर बघा!"

अंबरनाथच्या एमआयडीसीत, भर दिवसा, तीसेक बायका आणि एक शेठ यांच्या देखत आमच्या टेस्टिंगच्या बाई एका परपुरुषाला कपडे काढायला सांगत होत्या. पुरुषही साधासुधा नव्हता. त्याने मान उभी हलवली तर आमच्या सगळ्यांच्या चुली पेटत राहणार होत्या, आणि आडवी हलवली तर विझणार होत्या. एवढा मोठा साहेब. पोटही त्या मानाने मोठं. त्यावर राखाडी रंगाची टेरिलीनची सफारी, चकचकीत. आईच्या मागे हा हुकूम त्याला कोणी दिला नसावा, कारण तो रागवायचंही विसरून नुसता उभा होता.

शेठ भिंतीला धरून उभे होते. मी शेठना धरून उभा होतो.

"बाई," मी दात आवळून म्हटलं, "पाहुणे आहेत ते."

"पाहुणे असतील. सफारी टेरिलीनची आहे."

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्ही बाईंबद्दल भलताच ग्रह करून घ्याल. तेव्हा साहेबांना राहू द्या तसेच दारात उभे. ते कुठे जात नाहीत. बाईंनी वाट अडवली की कोणी कुठे जात नसे.

आमची कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड. पाटीवर 'इलेक्ट्रॉनिक्स' हा शब्द एवढा मोठा रंगवलेला, की कंपनीचं नाव वाचायला भिंगच लागावं. हा काळ नव्वदच्या अलीकडचा-पलीकडचा. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे पत्रिका छापून देणारं यंत्र, असा आमच्या नातेवाइकांचा समज. म्हणून मी कोणी विचारलं तर सांगायचो, "कॉम्प्युटरला डोकं असतं ना, त्या डोक्यातली आठवण आम्ही पुरवतो." लोक आदराने बघायचे. त्यांनी ती आठवण प्रत्यक्ष बघितली असती तर चप्पल उगारली असती. काळी, चपटी, दोन्ही बाजूंना पायांची रांग, हुबेहूब झुरळ. तिला चिप म्हणतात.

या चिपा परदेशातून यायच्या, चांगल्या-वाईट एकत्र, बाजारातल्या वाटाण्यासारख्या. आमच्या टेस्टिंगच्या खोलीत बायका एकेक चिप यंत्राच्या खोबणीत बसवायच्या. हिरवा दिवा लागला तर चांगली, लाल लागला तर टाकाऊ. चांगल्या निवडून आम्ही कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका कंपनीला द्यायचो. लाल दिव्याची चिप टाकताना शेठचा फार जीव तुटायचा. ते खोलीच्या काचेला नाक लावून विचारायचे, "बाई, लाल म्हंजे किती लाल? थोडा गुलाबी असेल तर चालेल की."

"शेठ, नाक काढा. काच घाण होते."

तर या बाई. राहायला बदलापूर, माहेर चामटोली. नवरा ऑर्डनन्समध्ये, म्हणजे दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात. तिथे म्हणे गेटवर काडेपेटी काढून घेतात. घरी मात्र त्या बिचाऱ्याची रोजची झडती बाई घेत असाव्यात. उंची एवढी कमी, की टेबलामागे बसल्या की नुसता अंबाडा दिसायचा. आवाज मात्र असा, की त्या अंबरनाथला "नायलॉन!" म्हणून ओरडल्या की विठ्ठलवाडीच्या डेपोत एखादा कंडक्टर दचकून स्वतःचा शर्ट चाचपायचा.

कारण बाईंचा या जगात एकच वैरी होता. नायलॉन. आणि नायलॉनचे सगळे भाऊबंद: टेरिलीन, टेरिकॉट, प्लॅस्टिकचा कंगवा, प्लॅस्टिकचा डबा, आणि साडीचा तो चकचकीत प्रकार, ज्याला दुकानदार जपानी म्हणतो आणि जो आमच्या उल्हासनगरातच तयार होतो.

हे खूळ बाईंच्या डोक्यात एका इंजिनियरने घातलं. पोरगेलासा होता. त्याने एकदा बाईंना नीट समजावलं, की नायलॉन अंगावर घासलं की अंगात वीज साठते, आणि तीच वीज बोटातून चिपेत उतरली की चिप मरते. सांगितलं आणि आठवड्याभरात नोकरी सोडून गेला. सगळे इंजिनियर जाताना कंपनीचा पाना किंवा पकड घेऊन जातात. हा मेला ज्ञान मागे ठेवून गेला. बाईंनी ते ज्ञान असं उचललं, जसं एखाद्याने मरणाऱ्या गुरूकडून मंत्र उचलावा. त्या दिवसापासून टेस्टिंगच्या खोलीत सुती साडी, अनवाणी पाय, जमिनीवर ओलं फडकं, आणि प्रत्येकीच्या मनगटाला तांब्याच्या तारेचा एक पट्टा. तारेचं दुसरं टोक जमिनीत. अंगातली वीज तिथून मातीत जायची. बायका त्या पट्ट्याला 'बेडी' म्हणायच्या. बाई म्हणायच्या, "मंगळसूत्र विसरलात तर नवरा बोलेल. पट्टा विसरलात तर मी."

आणि नवरा बरा, असं प्रत्येकीचं मत होतं.

मी सेल्समध्ये. माझा टेरिलीनचा शर्ट म्हणजे माझी अर्धी ऑफिसरकी. तो घालून मी एकदा चिपांचा ट्रे उचलायला गेलो, तर बाईंनी माझी मनगटं धरली आणि मला शेजारच्या अंधाऱ्या स्टोअरमध्ये ओढत नेलं. थंडीचे दिवस. दार लावून म्हणाल्या, "सेल्सवाले, शर्ट डोक्यावरून काढा. सावकाश."

माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काढला शर्ट. चटचट, चटचट आवाज झाला आणि अंधारात बारीक निळ्या ठिणग्या उडाल्या. दिवाळीच होती म्हणा ना.

"बघितलंत? हे तिच्या अंगावर सोडणार होतात."

"कोणाच्या?"

"चिपेच्या! माणसाला चिमटा बसतो, माणूस 'आई गं' म्हणतो. ती काय म्हणणार? मेली तरी धूर नाही, वास नाही. चार महिन्यांनी गिऱ्हाइकाकडे कळतं. ती ओरडत नाही, म्हणून मला ओरडावं लागतं."

एवढं बोलून बाई निघून गेल्या. मी अंधारात उघडा. बाहेर बायकांचं हसणं.

आता यात खरी गंमत ही, की आमच्या शेठचं सगळं खानदान नायलॉनवर पोसलेलं. फाळणीनंतर त्यांचे वडील उल्हासनगरच्या छावणीत आले ते मोकळ्या हातांनी. खांद्यावर कापडाचा गठ्ठा टाकून दारोदार फिरले. पुढे नायलॉनच्या साड्या आल्या आणि गठ्ठ्याचं दुकान झालं, दुकानाची पेढी झाली. मोठा भाऊ अजून साड्याच विकायचा. धाकट्याला, म्हणजे आमच्या शेठना, नव्या जमान्याचा सोस, म्हणून ते चिपांत पडले. शेठच्या घरी देवाच्या खालोखाल नायलॉन. त्यामुळे बाई "नायलॉन!" म्हणून ओरडल्या, की शेठना कोणीतरी वडिलांना शिवी दिल्यासारखं व्हायचं.

"बाई, जिस नायलॉन ने हमको रोटी दिया, तुम उसको गाली देता है?"

"रोटी घरी खावा शेठ. इथे नको."

एका दसऱ्याला यंत्रांची पूजा होती. शेठच्या वहिनींनी देवीच्या तसबिरीला स्वतःच्या हाताने जरीकाठी चुनरी घातली. अर्थात पेढीवरची. बाई आल्या, देवीला मनोभावे नमस्कार केला, आणि चुनरी उतरवून जागी मलमलचा तुकडा नेसवला. वहिनी तिथेच उभ्या होत्या, पूजेसाठी उपाशी. शेठचा चेहरा असा झाला, की देवीनेही डोळे मिटून घेतले असतील.

"देवीचा कोप होईल बाई!"

"देवी समजून घेईल. चिप घेणार नाही."

अशा बाईशी तुम्ही काय भांडणार? मी भांडून बघितलं. एकदा तर रागारागाने राजीनामा देऊन आलो. बाई म्हणाल्या, "द्या. पण जाताना तो ट्रे ठेवून जा, तुमच्या पँटला लागतोय."

आता मुद्द्याचं सांगतो.

आमचं मोठं गिऱ्हाईक एकच होतं, ती कॉम्प्युटर बनवणारी कंपनी. तिची एक हाडवैरीण होती, तीही कॉम्प्युटर बनवणारी. त्या दुसरीला चिपा द्यायचा पुण्याकडचा एक सप्लायर. तो म्हणे एसीत बसून टेस्टिंग करायचा. आम्ही त्याला तोंडाने शिव्या द्यायचो आणि मनातून त्या एसीला भ्यायचो. एक दिवस मी मुंबईहून बातमी आणली, की या दोन्ही कंपन्यांचं एकत्र व्हायचं घाटतंय. बोलणी चालू आहेत, अजून पक्कं नाही, पण होणार.

शेठनी पेढे मागवले. "दोन कंपनी एक, मतलब ऑर्डर डबल!"

"किंवा शून्य," मी म्हटलं. "आम्ही आणि पुणेवाले, दोघांना कशाला ठेवतील?"

शेठनी तोंडात घातलेला पेढा तसाच धरून ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत हीच चर्चा. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहणारी सुमन म्हणून एक होती, जिभेची तिखट. तिने सगळ्या व्यवहाराचा निकाल एका वाक्यात लावला: "दोन घरं एक झाली की धुणीवाली एकच ठेवतात."

डबे उघडे राहिले. या बायकांतल्या निम्म्या बाईंनीच कामावर आणलेल्या: कोणी बदलापुरातल्या शेजारणी, कोणी चामटोलीच्या वहिन्या-भाच्या. एकेकीच्या सासूच्या ओसरीवर बसून बाईंनी शब्द दिलेला, की काम स्वच्छ आहे, पगार वेळेवर आहे, मी आहे. त्या सगळ्या आता बाईंकडे बघायला लागल्या.

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "जिचं धुणं स्वच्छ, तिला ठेवतात," त्या म्हणाल्या. "माल चांगला असला की गिऱ्हाईक कुठे जात नाही. जेवा."

आणि सगळ्या जेवायला लागल्या. मला वाटतं, त्या खोलीत फक्त बाईंचाच यावर विश्वास होता. पण बाईंचा विश्वास तीस जणींना पुरून उरायचा.

मग फोन आला. दोन्ही कंपन्यांचे साहेब मिळून दोन्ही सप्लायरांची कामं बघायला येणार. पुणं बघून झालं, आता अंबरनाथ. जो पसंत पडेल त्याला सगळी ऑर्डर.

शेठच्या अंगात आलं. शेडला रंग. दारात कुंड्या. मुतारीला नवं दार. ते उलटं बसलं आणि आतल्या माणसाऐवजी बाहेरच्याला कडी लावता येऊ लागली, ते जाऊ द्या. नेमक्या त्याच दिवसांत बाई भाताच्या झोडणीसाठी माहेरी चामटोलीला गेलेल्या. मैदान मोकळं. शेठनी डोकं चालवलं.

संध्याकाळी सुटायच्या वेळी टेम्पो आला. शेठनी बायकांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीच्या हातात एकेक खोकं ठेवलं. "कल साब लोग येणार. तुम्ही जुनेर नेसून बसणार? कंपनीची इज्जत! हा युनिफॉर्म. सगळ्यांना सेम टू सेम. मेरे तरफ से."

खोक्यात साडी. जांभळी. काठाला चंदेरी. मोठ्या भावाच्या पेढीवरचा उत्तम माल, अस्सल नायलॉन.

मी तिथेच होतो. तुम्ही विचाराल, तुम्ही का नाही बोललात? अहो, त्या बायकांची तोंडं बघितली असतीत तर तुम्हीही नसतात बोलला. कोणी न मागता, सण नसताना, नवी कोरी साडी! सुमनसारखी तिखट बाई ती गालाला लावून उभी होती. शिवाय मला वाटलं, सकाळी नेसून येतील, खोलीत जाताना बदलतील. बायका नवी साडी सोडून जुनेर नेसतात, असं वाटणारा मी जगातला एकमेव लग्न झालेला पुरुष असेन.

सकाळी बाई चामटोलीहून थेट कामावर आल्या. केसात अजून भाताचं तूस. गेटात पाऊल टाकलं आणि समोर जांभळा समुद्र. तीस बायका, गजरे माळलेल्या, चालताना सळसळ सळसळ. थंडी कोरडी ठणठणीत. माझी शपथ सांगतो, त्या सळसळीने माझ्या हाताचे केस उभे राहिले.

मी कानांत बोटं घातली. पण बाई ओरडल्या नाहीत. त्या सरळ गेल्या, टेस्टिंगच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारासमोर उभ्या राहिल्या.

"घरी जा. बदलून या."

"बाई, घरी जाऊन यायला दुपार होईल," सुमन म्हणाली. "साहेब येतायत. एक दिवस!"

"चिपेला काय ठाऊक आज पाहुणे आलेत?"

"तिला नसेल ठाऊक, आम्हाला आहे! ऑर्डर गेली तर आम्ही काय करायचं? तुमच्या चिपा कुरवाळत बसायचं?"

"ऑर्डर जाऊ नये म्हणूनच उभी आहे ना मी इथं!" आता मात्र बाई ओरडल्या. पत्रा थरथरला. "आज तुम्ही या साड्यांत हात लावणार, हिरवा दिवा लागणार, साहेब खूश होणार. आणि चार महिन्यांनी त्याच चिपा एकेक करून मरणार. मग कोणाचं धुणं मळकं ठरणार?"

शेठ धावत आले. हात जोडले. मग पागोटं नव्हतं म्हणून डोक्यावरची टोपी बाईंच्या पायाशी ठेवायला निघाले. बाई म्हणाल्या, "टोपी कशाची आहे?" शेठनी घाईघाईने टोपी खिशात घातली.

तेवढ्यात गेटात गाडी.

उतरले दोन साहेब. एक आमच्या गिऱ्हाईक कंपनीचा, सुकडा, ओळखीचा. दुसरा पुणेवाल्यांच्या गिऱ्हाईक कंपनीचा. हाच तो सफारीवाला, निर्णय त्याच्या हातात. त्यांनी बघितलं: बाहेर तीस बायका जांभळ्या रांगेत, लग्नाला निघाल्यासारख्या, आत खोली रिकामी, दाराला कुलूप, आणि कुलपासमोर विटक्या सुती साडीतली, केसात तूस अडकलेली एक बुटकी बाई.

"काय आहे हे?" सफारीने विचारलं. "काम बंद आहे?"

बाईंनी कुलूप काढलं. "काम चालू आहे. मी दाखवते. या." साहेब पुढे सरकले, आणि मग तो हुकूम सुटला. काढा, आधी ते अंगातलं काढा.

आता साहेबांना मोकळं करू या.

मग त्यांनी काय करावं? सफारीची बटणं सोडायला सुरुवात केली! आतमध्ये सुती गंजीफ्रॉक. बाईंनी मान हलवली, पास. मग बाईंनी खाली बघितलं. पँटकडे. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आमचा वॉचमन आपली सुती लुंगी साहेबांच्या हातात देत होता. तो स्वतः कशात होता ते विचारू नका, मी बघितलं नाही.

आणि अशा रीतीने, गंजीफ्रॉक, लुंगी, अनवाणी, मनगटाला बेडी, अशा अवस्थेत देशातला एक थोर कॉम्प्युटरवाला आमच्या टेस्टिंगच्या खोलीत शिरला. सुकडा साहेब चलाख. तो म्हणाला, मी काचेतूनच बघतो.

बाईंनी एकटीने एक ट्रे तपासला. चिमट्याने उचलायची, खोबणीत ठेवायची, दिवा बघायचा, काढायची. एवढंच. पण साहेब जागचे हलले नाहीत. एका चिपेला लाल दिवा लागला तेव्हा बाई "च्च" म्हणाल्या. मी इतकी वर्षं काचेबाहेर होतो, ते "च्च" मला त्या दिवशीच ऐकू आलं. पोराच्या परीक्षेचा निकाल बघून म्हणावं तसं.

"आणि त्या बाहेरच्या कोण?" साहेबांनी काचेपलीकडच्या जांभळ्या रांगेकडे बोट केलं.

"त्या माझ्या बायका. कामाला माझ्यापेक्षा चलाख आहेत. आज त्यांना शेठनी साड्या दिल्यात."

साहेब हसायला लागले. इतके हसले, की लुंगी एका हाताने धरावी लागली. बाहेर येऊन ते शेठना म्हणाले, "पुण्याला एसी फार छान आहे. पण तिथे मला बुटांसकट आत नेलं."

ऑर्डर आम्हाला मिळाली. शेठनी पेढे वाटले आणि महिनाभर सगळ्यांना सांगितलं, की साड्यांची आयडिया त्यांची. सुमनने बाईंना नमस्कार केला, बाई म्हणाल्या, "उठ, पदर बघ कुठे लागतोय." एकतीस साड्यांतली एक उरली होती, बाईंच्या नावाची. ती खोक्यासकट त्यांनी शेठना परत केली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती पेढे वाटत सांगितली असती.

दोन्ही कंपन्या खरोखरच एक झाल्या. कागदावर, पाटीवर, सगळीकडे. आमचा माल जात होता, परत काही येत नव्हतं. एकही तक्रार नाही. आणि एक दिवस सफारीवाल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. चांगला माणूस. चहा पाजला. म्हणाले, दोघे वेगवेगळे होतो तोवर आमची खरेदी लहान; परदेशातले मोठे कारखाने आम्हाला उभं करत नसत. म्हणून निवडलेला माल घ्यायला तुम्ही लागायचात. आता आम्ही एवढे मोठे झालो, की ते कारखाने थेट देतात. तिथेच यंत्राने तपासून, नळीत सीलबंद. माणसाचा हातच लागत नाही.

म्हणजे पुणेवाल्याला हरवून आम्ही जी जागा जिंकली, ती जागाच उठली होती. मला एकच सुचलं, की हे आता बाईंना सांगायचंय.

सांगितलं. बाई टेस्टिंगच्या खोलीत पट्ट्याच्या तारा पुसत होत्या.

"माल खराब निघाला का?"

"नाही, बाई."

"एक तरी मेली का?"

"एकही नाही. त्यांनी स्वतः सांगितलं."

"मग?"

मी सगळं पुन्हा समजावलं. मोठी कंपनी, थेट खरेदी, सीलबंद नळी. बाईंनी ऐकून घेतलं. मग पुन्हा म्हणाल्या, "ते झालं हो. पण मग?"

दारात सुमन उभी होती. "घराने धुलाईचं यंत्र आणलं, बाई," ती हळूच म्हणाली. एरवी बाईंनी तिला झापलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली आणि तार पुसत राहिल्या. उरलेला माल संपेपर्यंत त्यांनी खोलीत ओलं फडकं फिरवायचं चुकवलं नाही. शेवटचा ट्रे गेला त्या दिवशीही मला त्यांनी दारातच अडवलं आणि पायातले मोजे काढायला लावले. मी चिडलो. म्हटलं, "बाई, आता कोण विचारतंय?" त्या म्हणाल्या, "ट्रे विचारतोय."

शेड मात्र बंद पडली नाही. शेठ मोठ्या भावाकडे परत गेले, आणि शेडमध्ये पेढीचं गोदाम आलं.

मी नोकऱ्या बदलत राहिलो. पाण्याचे फिल्टर विकले, विमा विकला. पुढे बऱ्याच वर्षांनी काही कामाने अंबरनाथला गेलो, तर पाय आपोआप तिकडे वळले. पाटीवरचा 'इलेक्ट्रॉनिक्स' पुसून त्यावर 'सारीज' रंगवलेलं. खालून जुनी अक्षरं अजून डोकावत होती. आमची टेस्टिंगची खोली साड्यांच्या थप्प्यांनी छतापर्यंत भरलेली. जमिनीवर बसून दोन-तीन बायका घड्या घालून पिशवीत भरत होत्या. सळसळ, सळसळ. त्यांच्या पुढ्यात, भिंतीला टेकून, बाई.

मी मुद्दाम उंबऱ्यावर थांबलो. पायात बूट, अंगात टेरिलीन, हातात रेक्झिनची बॅग. मग बुटांसकट आत गेलो आणि खोलीच्या मधोमध उभा राहिलो. वाट बघत. मी आयुष्यात कोणाच्या शिवीची अशी वाट बघितली नाही.

बाईंनी वर बघितलं. "अगंबाई, सेल्सवाले! बसा की. चहा सांगू?"

आणि मग मला दिसलं. बाईंच्या अंगावर जांभळी साडी. काठ चंदेरी.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही? नायलॉन?"

बाईंनी हातातली घडी पुरी केली, ती थप्पीवर ठेवली, वरून हात फिरवला.

"लवकर वाळतं," त्या म्हणाल्या.